पहिला हिपहॉप बीट: फोन, वायरचे इअरफोन आणि शेजारच्या मागाची खटखट

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतला एक पोरगा आला, बारावीचा, आणि बसायच्या आधीच सुरू झाला, दादा मला बीट (रॅपच्या खाली वाजतं ते संगीत) बनवायचेत, लॅपटॉप कुठला घेऊ, तो पॅडवाला कीबोर्ड घेऊ का, स्पीकर किती इंची घेऊ. मी म्हटलं काय घेऊ नको बे, आधी बस. मग त्याच्याच फोनवर दोन तास बसलो आणि चार बारचा (एक बार म्हणजे चार ठोके) एक लूप, म्हणजे परत परत वाजणारा तुकडा, झाला. फार भारी काय नव्हता, पण दोघांची मान हलत होती, आणि पहिल्या दिवशी तेवढं बास झालं.

त्या दोन तासात त्याला जे सांगितलं आणि नंतर घाईत राहून गेलेलं जे आठवलं ते सगळं इथं लिहितोय. मी काय मोठा प्रोड्यूसर नाही हे आधीच सांगतो. दिवसभर टॉवेलच्या पेढीवर बिलं, जीएसटी, ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडण, आणि रात्री नऊनंतर हे. पाच वर्षं झाली, त्यातली पहिली दोन मी चुकीच्या गोष्टी विकत घेण्यात आणि ट्युटोरियल बघण्यात घालवली.

सामान

फोन असेल तर फोन. लॅपटॉप असेल तर ८ जीबी रॅमवाला साधा लॅपटॉप लई झाला, गेमिंगवाला वगैरे लागत नाही. मिडी कीबोर्ड (कॉम्प्युटरला जोडायचा पट्ट्यांचा कीबोर्ड) नंतर घ्या, कारण बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये टायपिंगच्या बटणांनीच सूर वाजवता येतात.

एका गोष्टीवर मात्र अडून बसा, हेडफोन वायरचेच पाहिजेत. ब्लूटूथवर आवाज कानापर्यंत यायला उशीर होतो, गाणं ऐकताना ते कळत नाही, पण पॅड (आवाज वाजवायचं बटण) दाबल्यावर आवाज जरा वेळानं आला की हात आपोआप तो उशीर भरून काढायला लागतो, थोडं आधी दाबायला लागतो, आणि मग सगळा ताल विस्कटतो आणि आपल्याला वाटतं आपल्याला ताल नाही. विंडोजवर वायर लावूनही उशीर जाणवत असेल तर एएसआयओ ड्रायव्हर (हा उशीर कमी करणारं छोटं सॉफ्टवेअर) टाका, एएसआयओ-फॉर-ऑल फुकट मिळतो, त्यात बफर, म्हणजे वाजवण्याआधी जमा होणारा आवाजाचा साठा, २५६ सॅम्पलवर (आवाजाच्या बारीक कणांवर) ठेवा. ४४,१०० हर्ट्झला २५६ सॅम्पल म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग घेतला तर असे सहाएक भाग, एवढा उशीर बोटाला कळत नाही. बफर अजून कमी केला तर जुना लॅपटॉप कडकड आवाज करायला लागतो, मग परत वाढवा.

खोलीबद्दल एकच. रिकाम्या भिंतींच्या खोलीत टाळी वाजवून बघा, मागून टणक असा आवाज येतो. तो कमी करायला लोक ऑनलाइन फोमचे तुकडे मागवतात. अरे आपण सोलापुरात राहतो! दोन जाड चादरी दोरीवर टाकून टेबलामागं आणि पाठीमागं सोडा, खाली सतरंजी टाका, घुमणारा आवाज बराच खाली येतो. पण चादरीनं खोली साउंडप्रूफ होते असं समजू नका, बासचा दणका तिच्यातून आरामात पलीकडे जातो, शेजारच्या मावशी येणारच.

सॉफ्टवेअर एकच धरा

ज्यात बीट बनवतात त्या सॉफ्टवेअरला डीएडब्ल्यू म्हणतात, बोलताना लोक डॉ म्हणतात. कुठलं चांगलं यावर पोरं रात्र रात्र भांडतात, काही अर्थ नाही त्याला. आयफोन किंवा मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे. अँड्रॉइडवर बँडलॅब फुकट आहे, तेच कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये पण चालतं. फोनवर सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजाचे तुकडे, कापून पॅडवर वाजवायचे असतील तर कोआला सॅम्पलर थोडे पैसे देऊन घ्यावा असा आहे, मला स्वतःला लई आवडतो. लॅपटॉपवर एलएमएमएस पूर्ण फुकट आहे. एफएल स्टुडिओचा ट्रायल पण फुकट मिळतो, त्यात सगळं वाजतं, एक्सपोर्ट पण होतं (म्हणजे ऐकायची फाइल बाहेर काढता येते), फक्त सेव्ह केलेला प्रोजेक्ट विकत घेतल्याशिवाय परत उघडत नाही, त्यामुळे ट्रायलवर काम करणार असाल तर बसल्या बैठकीला बीट संपवून एक्सपोर्ट करायचा. खरं तर नवख्या माणसाला ही सक्ती चांगलीच आहे. एकदा घेतलं की पुढचे अपडेट कायमचे फुकट असतात. क्रॅक टाकू नका, नैतिकतेचं जाऊ दे, व्हायरस येतात आणि पाच महिन्यांचं काम घेऊन जातात, माझ्या ओळखीत दोघांचं गेलंय.

एक निवडा आणि सहा महिने दुसऱ्याकडं बघू नका.

सोळा खाने

आता मुद्द्याचं. हिपहॉपचा एक बार म्हणजे चार ठोके, प्रत्येक ठोक्याचे चार भाग, म्हणजे सोळा खाने. सॉफ्टवेअरमध्ये ही सोळा खान्यांची पट्टी दिसते, खाना दाबला की तिथं आवाज वाजतो. आधी तोंडानं मोजा, एक-दोन-तीन-चार, मांडीवर हात मारून, आणि दोनवर आणि चारवर टाळी द्या. टाळीची जागा ती स्नेअरची (ड्रमचा कडक खाडकन आवाज), खान्यात मोजलं तर पाचवा आणि तेरावा.

आपल्याकडं मिरवणुकीत हलगी ऐकलेल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. हलगीवाल्याच्या एका हातात आखूड जाड टिपरू असतं, दुसऱ्यात लांब बारीक काडी. जाड हात वजन देतो, बारीक काडी मधल्या जागा भरत जाते. किक (ड्रमचा खालचा धम्म ठोका) आणि स्नेअर म्हणजे जाड हात, हाय-हॅट (झांजेचा बारीक आवाज) म्हणजे ती काडी. पुढच्या वेळी मिरवणुकीत नाचण्याआधी पाच मिनिटं त्या माणसाचे हात बघत उभं राहा, दहा ट्युटोरियलमध्ये नाही एवढं कळेल.

तर पहिला पॅटर्न असा टाका. टेम्पो, म्हणजे मिनिटाला ठोके, ८८. किक पहिल्या, आठव्या आणि अकराव्या खान्यात. स्नेअर पाचव्या आणि तेराव्यात. हॅट एक सोडून एक, म्हणजे एक, तीन, पाच, सात असं पंधरापर्यंत. प्ले दाबा. हा बूम बॅप, म्हणजे जुन्या वळणाचा हिपहॉप बीट, झाला, ८५ ते ९५ च्या आसपासचा टेम्पो या प्रकाराला बसतो. ट्रॅप हा दुसरा प्रकार करायचा असेल तर टेम्पो १३० ते १५० मध्ये ठेवतात, पण स्नेअर बारमध्ये एकदाच, नवव्या खान्यात, त्यामुळे आकडा मोठा असूनही गाणं निम्म्या वेगानं चालल्यासारखं वाटतं, आणि हॅट मात्र बारीक बारीक फरफर करत असते. ड्रिल हा तिसरा प्रकार साधारण १४० ला असतो. नवख्यांनी बूम बॅपपासून सुरुवात करावी असं माझं मत, कारण त्यात लपायला जागा नसते, चार आवाज असतात आणि चारही ऐकू येतात.

आता त्या हॅट ऐका. सगळ्या एकाच जोरात वाजतायत, मशीनगनसारख्या. प्रत्येक आवाजाला व्हेलॉसिटी असते, म्हणजे किती जोरात मारलं ते. एक हॅट जोरात, पुढची हळू, परत जोरात, असं करा. मग दहाव्या खान्यात एक स्नेअर टाका आणि तो एवढा हळू करा की नीट ऐकू पण येऊ नये, फक्त आहे असं वाटावं. तोच लूप एकदम माणसानं वाजवल्यासारखा होतो. यावर मी पहिल्या वर्षी एक दिवस सुद्धा घालवला नव्हता, नवीन ड्रमकिट शोधत बसायचो.

मागाचा आवाज पकडणे

ड्रमकिट फुकट ढिगानं मिळतात आणि तीच किट सगळ्या जगाकडं असतात. म्हणून एक तरी आवाज स्वतःचा टाका. आमच्या घरामागं यंत्रमागाची शेड आहे, लहानपणापासून तो आवाज कानात आहे, इतका की तो बंद झाला की झोप मोडते. एक दिवस वाटलं हाच घेऊ.

शेडच्या काकांना विचारायला गेलो तर म्हणाले, "काय करलालास बे आवाज घेऊन, आवाज फुकट हाय, घे की." पण सगळे माग चालू असताना नुसता गडगडाट येतो, एक आवाज वेगळा काढताच येत नाही. म्हणून सकाळी गेलो, पहिला माग चालू होतो आणि बाकीचे अजून गप्प असतात ती चार-पाच मिनिटं गाठायची. फोन फ्लाइट मोडवर. रेकॉर्डरमध्ये वेव्ह फॉरमॅट, आणि नॉइज कमी करणारं जे सेटिंग असतं ते बंद, कारण त्याला मागाचा आवाज म्हणजेच नॉइज वाटतो आणि तो नेमका तोच खाऊन टाकतो. पहिल्यांदा फोन जवळ धरला तर आवाज फाटला, लेव्हलची पट्टी सारखी लाल. फाटलेलं रेकॉर्डिंग नंतर कशानंही पूर्ण दुरुस्त होत नाही. तीन-चार हात मागं सरकलो तेव्हा नीट आलं. पंखा चालू असेल तर त्याच्या वाऱ्याकडं फोनची पाठ करा. आणि चालू मागाजवळ ओढणी, मफलर, हेडफोनची लोंबती वायर असलं काही घेऊन वाकू नका, ते मशीन कुणाची वाट बघत नाही.

पाच मिनिटांत काय काय मिळालं बघा. मोटर सुरू होताना घूंऽऽ करत चढत जाणारा आवाज, तो पुढं बीटच्या सुरुवातीला वापरला. माग चालू करायचा दांडा ओढला की खाडकन आवाज येतो, तो स्नेअर झाला. कुणीतरी रिकाम्या कांड्या (सुताच्या नळ्या) क्रेटमध्ये टाकल्या, त्याची टाळी झाली. आणि धोटा (आडवा धागा नेणारा मागाचा भाग) एकीकडून दुसरीकडं फेकला जाताना येणारी ती खट, खटाक, खट, खटाक, ती हॅट. किक मात्र मागातून निघाली नाही, एवढा खालचा आवाज फोनचा माइक घेतच नाही, ती साध्या फुकटच्या किटमधली घेतली, त्यात लाज नाही.

कापताना एवढं सांभाळा. आवाजाची लाट मोठी करून बघा आणि ठोका जिथं सुरू होतो बरोबर तिथं कापा, आधी थोडी जरी शांतता राहिली तरी तो आवाज दर वेळी उशिरा वाजेल आणि तुम्ही खाने हलवत बसाल. कापलेल्या टोकाला टिक असा आवाज येत असेल तर अगदी बारीक फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) द्या, जातो.

धोट्याची खटखट मी एकेक कापली नाही, चार ठोक्यांचा तुकडाच उचलला. टॅप टेम्पोवर बोटानं मोजलं तर मिनिटाला १४० ठोके आले. आपला बीट ८८ चा, त्यात एक सोडून एक हॅट म्हणजे मिनिटाला १७६. म्हणून तुकडा आवळून १७६ वर आणला, आणि स्ट्रेच (सूर तोच ठेवून वेग बदलणं) न करता सरळ वेग वाढवला, कॅसेट पळवल्यासारखा, त्यामुळे पट्टी पण जवळपास चार अर्धे सूर (सेमिटोन) चढली आणि तो जाड लाकडी आवाज हॅटसारखा बारीक कडक झाला. हे मुद्दाम केलेलं नाही, चुकून जमलं.

आणि त्यात एक गंमत होती. खट वेळेवर यायची, खटाक जरा मागं रेंगाळायची. माझ्या मित्रानं ऐकलं आणि म्हणाला क्वांटाइझ कर, म्हणजे ठोके खान्यांवर सरळ बसव. केलं. एकदम मेलं ते. परत मागं घेतलं.

रेंगाळणं म्हणजेच स्विंग

त्या खटाकला स्विंग म्हणतात. दर दुसरा ठोका त्याच्या जागेवरून थोडा उशिरा वाजवायचा. रॉजर लिन नावाच्या माणसानं अकाई कंपनीसाठी एमपीसी ६० हे सॅम्पल वाजवायचं मशीन बनवलं, १९८८ चं, त्यात स्विंग टक्क्यात मोजायची पद्धत होती, ५० टक्के म्हणजे एकदम सरळ, ६६ म्हणजे पूर्ण तिश्र चाल (ठोक्याचे तीन भाग). बहुतेक हिपहॉप या दोनच्या मध्ये कुठंतरी बसतं, ५४ ते ५८ पासून सुरू करून कानानं ठरवा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये स्विंग नावाचा एक नॉब असतो. डेट्रॉइटचा बीट बनवणारा जे डिला तर असे पुढंमागं सरकलेल्या ठोक्यांसाठीच ओळखला जातो, त्याचं एमपीसी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलेलं आहे.

माझा अंदाज असा की आपल्या भागातल्या पोरांना हे लवकर जमतं. गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसात, गणपतीत लेझीम खेळलेल्या कुणालाही विचारा, हलगीच्या बरोबर ठोक्यावर पाय टाकला तर कवायत वाटते, किंचित थांबून टाकला तर लेझीम वाटते.

एक सवय करा, किक आणि स्नेअर जागेवर ठेवा आणि फक्त हॅट मागं ओढून बघा, मग उलट, स्नेअर मागं आणि हॅट जागेवर. दोन्ही ऐका. किती मागं याला सूत्र नाही. जास्त झालं की पिऊन वाजवल्यासारखं वाटतं, मग परत आत घ्या.

सूर: फक्त काळ्या पट्ट्या

संगीत शिकलेलो नाही म्हणून अडू नका. कीबोर्डवर फक्त काळ्या पट्ट्या वाजवा, पाचच सूर आहेत, चुकीचं काही वाजूच शकत नाही. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांना लगेच कळेल, काळी तीनला सा धरून काळ्याच पट्ट्या वाजवल्या तर भूप होतो, काळी पाचला सा धरला तर त्याच पट्ट्यांत मालकंस. हिपहॉपचा तो अंधारा, जरा उदास मूड पाहिजे असेल तर काळी पाच घ्या. सारखं त्या सूरावर येऊन थांबत राहायचं, एवढंच, नाहीतर कान दुसऱ्याच सुराला सा समजायला लागतो.

धून लांब करू नका. चार-पाच सुरांची, दोन बारची, मध्ये मोकळी जागा सोडलेली. त्या जागेत रॅपर बोलणार आहे. नवख्यांच्या बीटमध्ये नव्वद टक्के वेळा हीच चूक असते, एवढं भरलेलं असतं की माणसाला शब्द टाकायला जागाच नाही, लग्नाच्या हॉलसारखं. पियानोचा आवाज घ्या, थोडा मंद करा, वरचा चमकणारा भाग फिल्टरनं कापा, लांबून शेजारच्या खोलीतून येतोय असा वाटला पाहिजे.

बास

१९८० मध्ये रोलंड कंपनीनं टीआर-८०८ हे ड्रम मशीन काढलं, तेव्हा लोकांना ते खऱ्या ड्रमसारखं वाटलं नाही, १९८३ मध्ये बनवणं बंद झालं. जुनी मशीन स्वस्तात मिळायला लागली आणि हिपहॉपवाल्यांनी उचलली. त्याची किक लांबवता यायची, बूऽऽम करत राहायची, तीच पुढं सुरात वाजवून बास म्हणून वापरायला लागले, म्हणून आज बासलाच लोक एट-ओ-एट म्हणतात.

इथं नव्वद टक्के नाही तर शंभर टक्के नवखे चुकतात. एट-ओ-एटला सूर असतो, तो धुनेच्या सुराशी जुळवावा लागतो. हलगी वाजवायच्या आधी जाळावर शेकतात ना, कातडं तापून ताणलं जातं आणि हवा तो आवाज येतो, तसंच हे पण लावून घ्यायचं. काळी पाच म्हणजे ए शार्प, एट-ओ-एट ए शार्पला आणा, खालच्या सप्तकातला तो सूर साधारण ५८ हर्ट्झचा असतो, छातीत जाणवतो. सॅम्पल कुठल्या सुरात आहे ते कळत नसेल तर फोनवर ट्यूनर अ‍ॅप लावा किंवा ते सॅम्पल दोन सप्तकं वर करून ऐका, वरती कानाला सूर लगेच सापडतो.

किक आणि बास एकाच वेळी वाजले की दोघं भांडतात, दोन्ही नीट ऐकू येत नाहीत. सोपा उपाय, किक असेल तिथं बास अगदी थोडा नंतर सुरू करा किंवा किक आखूड करा. साइडचेन (किक वाजली की बास आपोआप दाबायची युक्ती) वगैरे पुढच्या वर्षी.

आणि हो, बीट झाला की फोनच्या स्पीकरवर ऐका, कारण ऐकणारे त्यावरच ऐकणार आहेत. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून ५८ हर्ट्झ येतच नाही, तुमचा बास गायब होईल. बासवर थोडं सॅच्युरेशन किंवा डिस्टॉर्शन (आवाज जरा फाडणारे इफेक्ट) टाका, त्यानं वरचे सूर तयार होतात आणि फोनवर पण बास आहे असं कानाला वाटतं. मग एकदा रिक्षात ऐका. आपल्याकडच्या रिक्षावाल्यांचे स्पीकर म्हणजे फुकटची टेस्टिंग लॅब आहे, मी सात रस्ता चौकातल्या एका ओळखीच्या रिक्षावाल्याला वर्षभर बीट ऐकवलेत, बास जास्त झाला की मागची काच थरथरते.

लूपचा बीट करणं

इथं सगळे अडकतात, मी पण दीड वर्षं अडकलो होतो. आठ बारचा लूप मस्त झालेला असतो, तो तासभर ऐकत बसायचं, मग दुसरा सुरू. हार्ड डिस्कवर दोनशे लूप आणि एक पण बीट नाही.

लूपमध्ये जे काय आहे ते सगळं आधी पूर्ण लांबीवर पसरवून टाका आणि मग काढत जा. चार बार सुरुवात, त्यात मोटरची घूं आणि धून, ड्रम नाही. मग सोळा बार व्हर्स (रॅपचा मुख्य भाग), धून अर्धी, बास साधा. आठ बार हुक (गाण्याचा परत परत येणारा भाग), सगळं चालू, टाळी पण. परत सोळा, परत आठ, आणि शेवटी चार बार नुसती हॅट. छप्पन्न बार झाले, ८८ च्या टेम्पोला एक बार २.७ सेकंदांचा पडतो, म्हणजे एकूण अडीच मिनिटांचा बीट. दर आठ बारनंतर काहीतरी एक बदला, शेवटच्या ठोक्यावर किक काढून टाका, एक क्षण सगळं बंद करा, एवढ्यानं पण कान जागा होतो.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ ला डीजे कूल हर्कच्या बहिणीनं जी पार्टी ठेवली होती, जिथून हिपहॉपची सुरुवात धरतात, तिथं वाजवणारा हर्कही एवढंच करत होता, एकाच रेकॉर्डच्या दोन कॉप्या घेऊन नाचायला चांगला असलेला ड्रमचा तुकडा लांबवत न्यायचा. आपल्याला आता ते कॉपी-पेस्टनं करता येतं.

काम करताना दर दहा मिनिटांनी कंट्रोल एस. माझ्या जुन्या पीसीला यूपीएस नव्हता, उन्हाळ्यात संध्याकाळी लाइट गेली आणि तीन तासांचं काम गेलं, त्यातला हुक मला अजून अर्धवट आठवतो आणि परत कधीच जमला नाही. फाइलला फायनल, फायनल दोन, खरंच फायनल असली नावं देऊ नका, तारीख आणि टेम्पो टाका.

मिक्स, थोडक्यात

पहिल्या वीस बीटला मिक्सची, म्हणजे आवाज एकमेकांशी जुळवायची, काळजी करू नका. सगळे आवाज खाली आणा, मग आधी किक, मग स्नेअर, मग बास, मग बाकीचं, असं एकेक वर घ्या. मास्टर (सगळ्या आवाजांची एकत्र लेव्हल) लाल झाला नाही पाहिजे, ६ डेसिबल जागा शिल्लक ठेवा. किक आणि बास सोडून बाकी सगळ्यांचा खालचा भाग कापा, धुनेत कुणाला ऐकू न येणारा गाळ असतो तो निघून जातो. झालं.

सॅम्पल आणि भानगडी

जुन्या गाण्याचा तुकडा घेऊन बीट बनवायचा मोह होणारच, हिपहॉप त्यावरच उभं आहे. घरात शिकायला काय पण कापा. पण बाहेर टाकायचं असेल तर दोन वेगळ्या परवानग्या लागतात हे लक्षात ठेवा, एक त्या रेकॉर्डिंगची आणि एक त्या चालीची, शब्द असतील तर शब्दांची पण. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं राहतो, पण चालीचा हक्क संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं, त्यामुळे गाणं लई जुनं आहे म्हणून चालेल असं होत नाही. पाच सेकंद घेतलं तर चालतं हा नियम कुठंही लिहिलेला नाही, पोरांनी पोरांना सांगितलेला आहे. यूट्यूबची मशीन तेवढं पण पकडते.

मागाच्या आवाजावर कुणाचा कॉपीराइट नाही, हा पण एक फायदा.

रॅपरला बीट देताना वेव्ह फाइल द्या, नावातच टेम्पो आणि सूर लिहा. नुसता ऐकायला पाठवताना एमपी३ चालतो, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि मित्र असला तरी चार ओळी लिहून घ्या, पैसे किती, नाव कुठं लागणार, हाच बीट दुसऱ्याला देता येणार का. फुकट देणार असाल तरी नावाचं लिहून घ्या. माझा एक बीट आजही दुसऱ्याच्या नावावर फिरतोय.

आणि आवाज ज्याच्याकडून घेतला त्याला एकदा ऐकवा. मी काकांना शेडच्या दारात उभं करून एक इअरफोन त्यांच्या कानात घातला. त्यांनी मोटरची घूं ऐकली, हसले. मग ड्रम आले, हॅट आली, आणि ते एकदम गंभीर झाले, हातानं मला थांब म्हणाले, परत लाव म्हणाले. मला वाटलं आवडलं. दुसऱ्यांदा ऐकून इअरफोन काढला आणि म्हणाले, "दोन नंबरचा माग हाय हा. डावीकडचा पट्टा सैल झालाय बे, धोटा उशिरा सुटलालाय."

आत गेले, पाना घेतला आणि पट्टा आवळला. परवा परत जाऊन रेकॉर्ड केलं, आता खट आणि खट, सरळ, एकदम वेळेवर. जुनी फाइल मी दोन पेनड्राइव्हवर ठेवली आहे.